दार वाजवून ये

रविवार, २ फेब्रुवारी

बसवला एकदाचा! लिंबाएवढा कॅमेरा. त्याला मान आहे आणि ती फिरते. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी काय कैदी आहे?"

नाही हो बाबा. पण जानेवारीत बाथरूममध्ये पडलात आणि दोन दिवस कुणाला सांगितलं नाहीत. "सांगायचं काय त्यात? पडलो, उठलो." झालं!

कॅमेरा धाकट्यानं पाठवला. माझा भाऊ. विमानानं आठ तास लांब राहतो. जवळ राहणारी मी, म्हणून खिळे मी ठोकायचे.

बाबा किल्लीवाले. एक्केचाळीस वर्षं लोकांची अडकलेली दारं उघडून दिली, पण कुणाच्या घरात काय पाहिलं हे आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. "दार उघडलं की पाठ करायची. घर ज्याचं, त्यानं आधी आत जायचं." अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत मी आज डोळा बसवून आले.

दोन अटी घातल्या. पलंगाकडे वळवायचा नाही. आणि बघायचं फक्त मी. "तुझ्याशिवाय कुणी नाही, कळलं?"

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत बघितलं. बाबा पेपर वाचत होते. पान उलटलं. बस्स, एवढंच! पण इतकं बरं वाटलं की घास गोड लागला. मग त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि सावकाश पोटरी खाजवली. मी फोन उलटा करून ठेवला.

लॅबमध्ये आज हाच विषय. आम्ही चौघी दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतो — मेण, प्लास्टर, पॉलिश — त्यामुळे हातांना काम आणि तोंडाला सुट्टी असते. पॉलिशवाली म्हणाली, "काल नवऱ्याशी गुडघ्याबद्दल बोलले, आज फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती! ऐकतो मेला." मोठ्या बाई म्हणाल्या, ऐकू दे की, माझ्याकडे काय आहे लपवायला? पॉलिशवाली लगेच — "मग बाथरूमला कडी कशाला लावता?" मेणात हात असताना इतकं हसायला नको होतं. पुढचा एक दात वाकडा बसला.

आमच्याकडे येणाऱ्या साच्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. एखाद्याच्या टाळूवरची प्रत्येक रेघ मला पाठ असते, आणि तो माणूस बसमध्ये शेजारी बसला तर ओळखू येणार नाही. हेच बरं.

आणि ही वही बरी. हिला पासवर्ड नको, आणि काय लिहिलं ते वाचून ही मला चपलांच्या जाहिराती दाखवत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

धाकट्यानं पासवर्ड मागितला. "माझेही वडीलच आहेत ना, ताई?" आहेत. दिला.

बाबांना सांगितलं नाही. सांगेन.

शनिवार, २२ फेब्रुवारी

धाकट्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. बाबा आणि बिस्किटाचा पुडा. पुडा फाटता फाटत नाही. आधी नखं, मग दात, मग कात्री, मग चक्क कपाटातून हत्यारांची पिशवी काढली आणि बारीक आकडा घेऊन, जीभ दातात धरून, जणू तिजोरीच उघडतायत! पुडा फुटला, बिस्किटं जमिनीवर. बाबा खाली वाकून एकेक गोळा करतायत. वर धाकट्याचं वाक्य — 'किल्लीवाले विरुद्ध बिस्किटवाले!'

सगळे हसले. मीही हसले. तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा दिसलं की गोळा करताना त्यांचे हात थरथरतायत.

धाकट्याला लिहिलं, काढून टाक. काढला. पण तोवर ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला होता.

रविवार, २३ फेब्रुवारी

आत्याचा बाबांना सकाळीच फोन. "काय रे, पुडा उघडला का शेवटी?"

मी पोचले तेव्हा कॅमेरा भिंतीवर नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून टेबलावर ठेवला होता. खिळ्यांची भोकंसुद्धा बुजवून टाकली होती, कुठे होता ते कळू नये इतक्या सफाईनं.

"किती जणांनी पाहिलं?"

तेवीस, मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"हसले?"

"प्रेमानं हसले, बाबा."

"हं." बराच वेळ ते दोरीच्या गाठीवरून बोट फिरवत राहिले. "बिस्किटाचं काही नाही गं. ती फजिती झालीच माझी. पण तू हो म्हणाली होतीस."

त्यांनी पुडकं माझ्याकडे सरकवलं.

"घेऊन जा," म्हणाले. "आणि चहा पिऊन जा."

चहा घेतला. दोघंही कपात बघत होतो.

शनिवार, १ मार्च

माझी किल्ली लागली नाही.

आधी वाटलं घाईत उलटी घातली. मग पाहिलं तर कुलूपच नवं! पितळी, जाडजूड, त्यांच्या हातचं. ह्या घराची किल्ली मी शाळेत असल्यापासून माझ्या गळ्यात होती.

"बाबा, डबा आणलाय."

"खाली ठेव."

"दार उघडा ना."

आतून पावलं दारापर्यंत आली. मग अगदी हळू — "आज उघडावंसं वाटत नाही."

रागावले असते तर भांडले असते. हा आवाज रागाचा नव्हता. डबा दाराशी ठेवून मी जिना उतरले.

शनिवार, ८ मार्च

मागच्या आठवड्याचा डबा दाराबाहेर. लख्ख घासून, पुसून. आत एक चिठ्ठीही नाही.

शनिवार, १५ मार्च

बाबांचा वाढदिवस. शहात्तर. धाकट्यानं घड्याळ पाठवलं, टेबलावर ठेवायचं, तळहाताएवढे आकडे असलेलं. बाबा फोनवर चक्क खूश होते. "चष्मा न लावता दिसतं गं! बैठकीच्या टेबलावर ठेवलंय." नेटचा डबाही अजून चालू ठेवलाय, बातम्या बघतात.

म्हणजे धाकट्याला माफी. ठीक आहे. मला अजून जिन्यावरूनच परत पाठवतात. व्हिडिओ त्यानं टाकला, पण शब्द मी दिला होता. हिशेब बरोबरच आहे त्यांचा.

शुक्रवार, २८ मार्च. हॉस्पिटलच्या बाकावर

कालपासून इथे आहे. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल सव्वाअकराला धाकट्याचा फोन. "ताई, बाबांकडे जा. आत्ता."

"का? काय झालं?"

"फोन उचलत नाहीयेत."

"ते कधी उचलतात?"

"ताई, जा!" असा ओरडला की मी हातातलं मेण तसंच टाकून निघाले.

दार वाजवलं. आतून बाबांचा आवाज, पण जमिनीजवळून आल्यासारखा. "पडलोय गं. उठता येत नाही." सकाळी साडेदहापासून पडलेले. फोन स्वयंपाकघरात. हाका मारल्या म्हणे, कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

नाक्यावरच्या किल्लीवाल्याला पळत जाऊन आणलं. पन्नाशीचा माणूस, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं कुलूप पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "ताई, हे मास्तरांनी स्वतःसाठी केलंय. माझ्याच्यानं नाही व्हायचं. तोडू का?"

आतून बाबा — "तोडायचं नाही!"

आणि मग जमिनीवर पडल्या पडल्या, मोडलेल्या खुब्यानं, बाबा त्याला आपलंच कुलूप उघडायला शिकवू लागले. "चपटी पट्टी घे. उलटी घाल. आता खाली दाब. हळू! किती वेळा सांगितलंय, मनगट सैल ठेव." हा बाहेर घामाघूम. "हो मास्तर. लागलं मास्तर. निसटलं मास्तर." "निसटणारच, गाढवा, श्वास रोखून धरलायस. श्वास घे." मध्येच बाबा कण्हायचे. मग पुन्हा — "हं. आता डावीकडे. बोटाला काय लागतंय ते सांग."

वीस मिनिटं. मग खट्‌ झालं.

आणि तो माणूस लगेच वळला. दाराकडे पाठ करून उभा राहिला. डोळे गळत होते त्याचे, पण आत बघितलं नाही. "जा ताई," म्हणाला, "तुम्ही आधी."

आज ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात नीट झालं.

सोमवार, ३१ मार्च

बाबा आज बोलले. पहिलं वाक्य — "तुला कसं कळलं?"

"असंच," मी म्हणाले. "वाटलं जावं." धाकट्याच्या फोनचं का नाही सांगितलं? माहीत नाही. तोंडातून तेवढंच आलं.

त्यांनी माझा हात धरला. पाच आठवड्यांनी.

मग सिस्टरला सांगितलं, शेजारच्या पेशंटला सांगितलं, फरशी पुसणाऱ्या बाईंनाही सांगितलं — "माझ्या पोरीला कळलं. मशीन नाही, काही नाही. आतून कळलं तिला."

मला हे तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. मी हसत होते.

बुधवार, २ एप्रिल

धाकट्याला विचारलं. सरळ. फोन न उचलणं तर रोजचंच, मग तू ओरडलास का?

त्यानं आधी टाळाटाळ केली. मग म्हणाला, "घड्याळ."

घड्याळात कॅमेरा आहे. त्या आकड्यांच्या मागे.

मी त्याला नको नको ते बोलले. कॉरिडॉरमध्ये माणसं वळून बघायला लागली. एकदा विश्वास मोडला तो पुरला नाही का? वाढदिवसाच्या भेटीत लपवून? बापाला?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग — "जीव वाचला ना, ताई?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

"तू दोन बस बदलून त्यांच्या दारात उभी राहू शकतेस. दार उघडो न उघडो. मी काय करू? माझी जेवणाची सुट्टी आणि त्यांचं जेवण एकाच वेळी येतं. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो. ते जेवतात, मी जेवतो. आवाजही बंद ठेवतो. नुसता जेवतो गं त्यांच्याबरोबर."

मी फोन ठेवला. जिन्यात बसून रडले. त्याच्यासाठी, की बाबांसाठी, की त्या 'आतून कळलं'साठी — आता सांगता येत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

बाबांनी आज ती गोष्ट फिजिओवाल्या मुलीला सांगितली.

रविवार, २७ एप्रिल

तीन आठवडे त्यांच्याकडेच आहे. वॉकर, गोळ्या, व्यायाम. घड्याळावर मी जाता येता टॉवेल टाकते. बाबा काढतात. "वेळ कशी दिसणार, वेडे?"

आज दुपारी ते टेबलाशी बसून कानस घासत होते. काय करतायत ते विचारलं नाही. तासाभरानं फुंकर मारून माझ्यापुढे धरली. किल्ली. नव्या कुलपाची. कडा इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की बोट घसरत होतं.

"घे. तुला मशीन लागत नाही."

मी हात पुढे केला. आणि मागे घेतला.

सगळं सांगितलं. धाकट्याचा फोन. घड्याळ. मला आतून काहीच कळलं नव्हतं, बाबा. मी लॅबमध्ये कुणाचे तरी दात बसवत होते.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. चेहरा असा उतरला की मला वाटलं, नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं? त्यांच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती जगाला सांगायला. ती मी काढून घेतली.

मग त्यांनी घड्याळ जवळ ओढलं. सगळ्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागचं झाकण उघडलं, आत बघितलं. धंद्याच्या नजरेनं. "काम चांगलं आहे," म्हणाले.

"बघतो काय तो ह्यात? मी तर नुसता बसलेला असतो."

"तुमच्याबरोबर जेवतो." पाण्याच्या बाटलीचंही सांगितलं.

बाबांनी झाकण परत लावलं. घड्याळ समोर नीट उभं केलं. शर्टाचं वरचं बटण लावलं. आणि त्या आकड्यांकडे बघून म्हणाले, "जेवलास का रे?"

वाट पाहिली. तिथून काय उत्तर येणार! मग वायर काढून टाकली.

"त्याला सांग, जेवताना फोन कर म्हणावं. मी उचलेन. फोन वाजतो म्हणजे दार वाजतं. उघडायचं की नाही ते माझ्या हातात राहतं. हे असं भिंतीतून आत यायचं नाही."

"आणि परत पडलात तर?"

"पडलो तर पडेन. माझ्या घरात पडेन."

किल्ली तरीही दिली. "पण दार वाजवून ये. वाजवल्याशिवाय लावायची नाही."

गुरुवार, १ मे

मला घरी पाठवलं. "दोन एकटी माणसं एका घरात फार झाली." दिवसा एक बाई येतील म्हटलं तर दोन दिवसांत त्यांनाही निरोप देतील, मला माहीत आहे.

धाकटा नाराज. निदान मनगटावरचं तरी काहीतरी घालू दे, पडलं की कळवणारं. बाबा — "मी कुत्रा आहे का पट्टा घालायला?" शेवटी ठरलं ते असं: रोज सकाळी आठ वाजता बाबांनी मला एक रिंग द्यायची आणि कट करायची. उचलायचं नाही. रिंग म्हणजे सगळं ठीक.

मोठ्या बाई म्हणाल्या, आमच्या तरुणपणी अशाच मिस्ड कॉलवर लग्नं जमली.

मंगळवार, ६ मे

आठ. रिंग. कट.

धाकटा रोज फोन करतो त्यांना, जेवताना. पहिल्या दिवशी दोघं अकरा मिनिटं बोलले. कशावर? "पावावर," म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच लागला.

सोमवार, १९ मे

आज रिंग नाही! सव्वाआठपर्यंत थांबले, मग रिक्षा, जिना दोन दोन पायऱ्यांनी. वाजवलं. बाबांनी दार उघडलं, तोंडाला दाढीचा फेस. "विसरलो." मी उंबऱ्यातच बसले, धाप लागून.

बुधवार, ११ जून

पुन्हा तेच. पुन्हा धावले. ह्या वेळी ते खुर्चीत झोपले होते. जाग आली ती मी वाजवल्यानं. चिडले नाहीत, हेच वाईट.

"इकडे बैस," म्हणाले. "विसरलो म्हणजे मेलो असं होतं का? मी आता रोज सकाळी घाबरत उठतो, की रिंग राहिली तर तू धावत येशील, रस्त्यात पडशील. त्या कॅमेऱ्याची भीती नव्हती वाटत एवढी. मला एखादा दिवस विसरू दे. तेवढी मोकळीक दे."

"आणि मी काय करायचं त्या दिवशी?"

"काम कर तुझं. दुसऱ्या दिवशी ये. सावकाश. बसनं."

शब्द दे म्हणाले. दिला. ह्या वेळी लगेच नाही. खूप विचार करून दिला.

गुरुवार, ३ जुलै

धाकटा आणि बाबा भांडले फोनवर. धाकट्यानं वृद्धाश्रमाचं काढलं. बाबांनी फोन आपटला. संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या नाही उचलणार त्याचा. कळू दे त्याला." लहान मुलासारखे! मला हसू आलं.

शुक्रवार, ४ जुलै

रिंग नाही.

साडेआठ. नऊ. लॅबमध्ये आले. दुपारी मी फोन केला, उचलला नाही. धाकट्याचा मेसेज — 'माझाही उचलला नाही. अजून रागावलेत.' हो, काल तसं म्हणालेच होते.

पॉलिशवाली म्हणाली, जाऊन ये ना, मी सांगते बाईंना. पर्स उचलली. परत ठेवली. शब्द दिलाय. एकदा मोडला तेव्हा काय झालं ते पाहिलंय मी. उद्या अर्धा दिवस आहे. दुपारी जाईन. सावकाश. बसनं.

सोमवार, ७ जुलै

बाबा गेले. शुक्रवारी पहाटेच, झोपेत, असं डॉक्टर म्हणाले. मला शनिवारी दुपारी कळलं.

घड्याळ चालू असतं तरी काही करता आलं नसतं, हेही डॉक्टर म्हणाले. धाकटा आज पोचला तेव्हा त्याला मी आधी तेच सांगितलं. वाचले नसते रे. कुणालाच वाचवता आलं नसतं.

तो बाबांच्या खुर्चीकडे बघत होता. म्हणाला, "वाचवायचं कुठे होतं, ताई. दीड दिवस मी नुसता बसलो असतो त्यांच्याजवळ."